चांदीचा कान

शनिवारी सकाळी गाडीची दुसरी किल्ली सापडेना म्हणून मी अपर्णाच्या प्रवासाच्या बॅगेत हात घातला आणि हाताला एक कान लागला. चांदीचा कान. अंगठ्याच्या नखाहून जरासा मोठा, पातळ पत्र्याचा, मागून पोकळ, वर दोरा ओवायला बारीकशी कडी. कागदी नॅपकिनमध्ये गुंडाळून आतल्या चेनच्या कप्प्यात ठेवला होता, म्हणजे जपून ठेवला होता. अपर्णा खाली स्वयंपाकघरात होती. मी जिन्यावरूनच ओरडलो, हे काय आहे गं? उत्तर नाही. पुन्हा ओरडलो. उत्तर नाही. हल्ली हे असंच चाललं होतं. सव्वीस वर्षं संसार केलेल्या नवऱ्याच्या तिसऱ्या हाकेलाच ओ द्यायची, असा बाईसाहेबांचा नियम झाला होता. शेवटी खाली गेलो आणि तिच्या नाकासमोर तळहात उघडला. ती दचकली. माझ्याकडे बघितलं नाही, कानाकडे बघितलं, आणि तिच्या चेहऱ्यावर काहीतरी आलं आणि गेलं. मी ते पकडलं. मग म्हणाली, "अरे ते? साइटवरचं आहे. एफ्राइननं दिलं." कान उचलून तिने जीन्सच्या खिशात टाकला आणि पोहे परतायला लागली. न्यू जर्सीत, वेस्ट विंडसरमधल्या आमच्या घराबाहेर शेजाऱ्याचं लॉनमोवर घरघरत होतं, फोडणीचा वास सुटला होता, सगळं दर शनिवारसारखं होतं, आणि मी पोह्यांची बशी तशीच सिंकमध्ये ठेवली.

एफ्राइन हे नाव दीड वर्षापासून आमच्या घरात मुक्कामाला आलेलं आहे. अपर्णा जुन्या दगडविटांच्या बांधकामांची इंजिनियर. दोन हजार वीसच्या जानेवारीत पोर्तो रिकोच्या दक्षिणेला लागोपाठ भूकंप झाले आणि स्पॅनिश लोकांनी तीन-चारशे वर्षांपूर्वी बांधलेल्या तिथल्या चर्चना तडे गेले. डोंगरातल्या एका लहान गावाच्या चर्चचं काम पुढे तिच्या फर्मकडे आलं. तेव्हापासून महिन्यातले तीन आठवडे ती बेटावर आणि एक आठवडा इथे, कपडे धुवायला आल्यासारखी. एफ्राइन तिथला मुख्य गवंडी. एफ्राइन म्हणतो चुना निदान सहा महिने भिजला पाहिजे. एफ्राइन म्हणतो जुन्या भिंतीला सिमेंट लावणं म्हणजे तिला विष पाजणं. एफ्राइनच्या बोटांना कळतं. जेवताना हे ऐकत मी मान डोलवायचो आणि मनात हिशेब मांडायचो, की एके काळी ही 'विवेक म्हणतो' असं किती वेळा म्हणायची. मी त्याला कधी पाहिलं नव्हतं, म्हणून मनातच तयार केला होता: चाळिशीचा, उन्हानं तांबूस झालेला, बाह्या दुमडलेला, चुन्यानं पांढऱ्या झालेल्या मनगटांचा. माणूस एवढा नीट तयार केला की त्याचा राग करायला सोपं जातं.

मी एका औषध कंपनीत क्वालिटीत आहे. लोकांनी केलेल्या नोंदी वाचायच्या आणि खोटं कुठे लिहिलंय ते शोधायचं, हे माझं काम. तेवीस वर्षं हेच केल्यावर डोळ्यांना एक घाण सवय लागते. त्या शनिवारनंतर मी अपर्णाची फाइल उघडली. कागदावर नाही, डोक्यात. नोंद एक: आधी ती रोज फोन करायची, मार्चपासून फक्त मेसेज. मी फोन केला की कट करायची आणि लिहायची, साइटवर आहे, टाइप कर. म्हणजे शेजारी कोणीतरी आहे, ज्याच्यासमोर नवऱ्याशी बोलता येत नाही. नोंद दोन: घरी आली की टीव्ही लावायची, खाली अक्षरं येतील असा, आणि त्याच्यात डोळे घालून बसायची, मी सोफ्यावरून काही बोललो तर नुसतं 'हं'. नोंद तीन सगळ्यात वाईट. एप्रिलमध्ये एका संध्याकाळी ती चक्क व्हिडिओवर आली. ती खोलीत बसलेली, मागे उघडी खिडकी, आणि कोणीतरी शिट्टी वाजवत होतं. दोन सुरांची, एक खालचा, एक वरचा, पुन्हा पुन्हा, खिडकीखाली उभं राहून बोलावल्यासारखी. मी विचारलं, कोण शिट्टी मारतंय गं? ती म्हणाली, कोण? कोणीच नाही. आणि मागे वळून खिडकीकडे बघितलं, जणू कोणाला तरी डोळ्यांनी सांगत होती की गप्प बस. शिट्टी काही थांबली नाही. माझ्या तोंडावर ही बाई सांगत होती की कोणीच नाही, आणि मी इकडे लॅपटॉपसमोर बसून ते ऐकत होतो.

आता तो कान. दुसऱ्या कोणाला तो दागिना वाटला असता, मला वाटला नाही. आम्ही नागपूरचे, इंदोऱ्याचे, आणि आमच्या घरात चांदीच्या अवयवांची एक गोष्ट आहे. माझ्या बाबांना लहानपणी देवी आल्या होत्या. पोराचे डोळे वाचले तर मातेला चांदीचे डोळे वाहीन, असा त्यांच्या आईनं नवस केला. डोळे वाचले. सोनाराकडून चांदीचे डोळे घडवूनही आणले, पण वाहायचं राहून गेलं, आणि तेवढ्यात छप्पन्न सालचा ऑक्टोबर आला. दीक्षाभूमीवरून परत आल्यावर आजोबांनी ते डोळे मोडले आणि पोराला पाटी-पुस्तकं आणली. माझी आई गिरजाबाई, तिनं बाबांशी लग्न केलं तेव्हा ही गोष्ट तिला हुंड्याऐवजी मिळाली असं ती म्हणायची, आणि जो येईल त्याला ऐकवायची. बाप्पा, काय थाटात सांगायची. मग बावीस प्रतिज्ञा म्हणून दाखवायची, एकही न चुकता. आमच्याकडे नवस हा शब्द शिवीसारखा होता. परीक्षेच्या आधी मित्रानं दिलेला अंगारा खिशात सापडला म्हणून मी आईचा मार खाल्लेला आहे.

आणि अपर्णा तर माझ्या आईच्या वरताण. चंद्रपूरची, ओव्हरसियरची मुलगी. देवळात जायची ती चुना बघायला. गाभाऱ्याकडे पाठ करून खांबाच्या बुडाशी बसायची आणि पुजारी बिचारा प्रसाद घेऊन ताटकळायचा. अनयाच्या वेळी हॉस्पिटलात प्रकरण हाताबाहेर गेलं होतं, बाळाचे ठोके सापडत नव्हते, तेव्हा एक नर्स हळूच म्हणाली की प्रार्थनेसाठी कोणाला बोलवू का. अपर्णा कळा देत म्हणाली, डॉक्टरला बोलवा. मला तेव्हा तिचा इतका अभिमान वाटला होता की ती गोष्ट मी पुढे वीस वर्षं लोकांना सांगत आलो, आईनं डोळ्यांची सांगितली तशी. जी बाई पोटच्या पोरीसाठी देवापुढे वाकली नाही, तिच्या बॅगेत नवसाचा कान. मी इंटरनेटवर शोधलं. तिकडच्या चर्चमध्येही लोक आपल्यासारखेच अवयव वाहतात, पाय, हात, डोळे, काळीज, जे दुखतं ते. मग कोणाचा कान दुखत होता? आयुष्यभर छिन्नी-हातोड्याशेजारी काढलेल्या गवंड्याचा, दुसऱ्या कोणाचा? म्हणजे हिनं त्याच्यासाठी नवस केला. आणि मला सांगते, एफ्राइननं दिलं. मला ती त्याच्याबरोबर झोपली असती तरी एवढं लागलं नसतं, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. ते खरं नव्हतं, पण हेही लागलं होतं. माझ्यासाठी जे कधी मोडलं नाही ते तिनं त्याच्यासाठी मोडलं होतं.

मला ते चर्चही बघवत नव्हतं. तिच्या फर्मच्या पानावर एक फोटो आहे. आत, वर कमानीच्या खाली, परांचीवर अपर्णा भिंतीला गाल लावून उभी आहे, डोळे मिटलेले, उजव्या हाताची बोटं मुडपून भिंतीवर. ठोकून बघणं हे तिचं काम. गिलाव्यावर बोटांच्या पेरांनी टकटक करायची आणि ऐकायचं, भरीव की पोकळ. आवाज दबका आला तर गिलावा भिंतीपासून सुटलेला, कधीही खाली येईल. फोटोत तिच्यासमोर एक पुरुष आहे, त्याचाही गाल भिंतीला, पाठ कॅमेऱ्याकडे, दोघांच्या चेहऱ्यांत वीतभर अंतर. मी तो फोटो इतका मोठा केला की त्याच्या शर्टाचे नुसते ठिपके उरले. लग्नानंतर पहिल्या उन्हाळ्यात आम्ही नागपुरात माठ घ्यायला गेलो होतो, तेव्हा हिनं बारा माठ वाजवून बघितले. कुंभार वैतागून म्हणाला, बाई, माठ घेता का लग्न करता त्याच्याशी? आम्ही रस्ताभर हसत आलो. तो माठ नऊ उन्हाळे टिकला. त्याच दिवसांत ती माझ्या पाठीवर टकटक करायची, खांद्यापासून खाली कमरेपर्यंत, शिस्तीत, आणि कान लावून म्हणायची, पोकळ आहे हो, आत काहीच नाही. मी म्हणायचो, पाडून टाका मग. ती टकटक नेमकी कधी बंद झाली ते मला सांगता येणार नाही. एवढं कळतं की ती बंद झाली आणि मला पत्ता नव्हता, आणि आता बेटावरच्या एका भिंतीला ते सगळं मिळत होतं, रोज, आठ-आठ तास.

एप्रिलमधल्या जयंतीच्या कार्यक्रमात मी तिला बोललोही होतो. एडिसनच्या हॉलमध्ये शंभरेक माणसं, जेवणाची रांग, अपर्णा पुढे आणि मी मागे. मी दोनदा म्हटलं, मला भात नको, आणि हिनं वाढलाच. मी प्लेट वर धरून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "आमच्या बाईसाहेबांना हल्ली आमचं ऐकूच येत नाही, फक्त स्पॅनिश ऐकू येतं." लोक खदखदून हसले. राजीव कांबळे, माझ्याच ऑफिसातला, म्हणाला, वहिनी, घ्या आता. अपर्णाही हसली, पण सगळ्यांच्या नंतर, जराशी उशिरा, आधी लोकांचे चेहरे बघून मग. तेव्हा मला वाटलं, ही अपराधी मनाची माणसं हसतात तशी हसली. ती नोंद चार.

जूनच्या सुरुवातीला ती परत बेटावर गेली आणि चार दिवसांनी मी तिकीट काढलं. अनया स्टेट कॉलेजला पीएचडी करते. तिला फोन करून म्हटलं, मॉमला सरप्राइज द्यायला चाललोय. "डॅड, यू हेट सरप्राइजेस," ती म्हणाली. मग म्हणाली, "जस्ट टॉक टू हर, ओके? लाइक, लुक अ‍ॅट हर अँड टॉक." आजकालच्या मुलांना सगळ्यावर एकच औषध माहीत, म्हणून मी तिचं बोलणं सोडून दिलं. सान हुआनच्या विमानतळावर उतरलो तर बेट अमेरिकेच्याच ताब्यातलं, पासपोर्ट नाही, शिक्का नाही, न्यू जर्सीतल्याच दुसऱ्या गावी गेल्यासारखं. पण दार उघडल्याबरोबर नागपूरच्या जुलैसारखी दमट वाफ अंगावर आली. भाड्याची गाडी घेऊन अडीच तास ड्राइव्ह केलं, पोन्से मागे टाकलं, मग डोंगर. सबंध रस्ता मी तोंडातल्या तोंडात बोलत होतो. काय विचारायचं, कोणत्या क्रमानं, ती काय म्हणेल, त्यावर मी कोणती नोंद काढून तिच्यासमोर ठेवीन. ऑडिटच्या आदल्या दिवशी मी असाच असतो. फरक एवढाच की तिथे खोटं सापडलं तर दुसऱ्याचं घर बसतं.

चर्च बाहेरून मोठं नव्हतंच. चौकाच्या टोकाला, पिवळट भिंतींचं, पुढून साधं, वर घंटेसाठी तीन खिडक्या आणि एकीतच घंटा. लोकांचं बेट घ्यायचं, लोकांनाच जुंपायचं, त्यांच्याकडून आपल्या देवाचं घर बांधून घ्यायचं. मी पायऱ्या चढताना मुद्दाम हे सगळं आठवलं, कारण मला त्या इमारतीशी भांडायचं होतं. आत गेलो आणि थांबलो. थंडगार होतं. मधली बाकं काढून टाकलेली, जमिनीपासून कमानीपर्यंत लोखंडी नळ्यांची परांची, खिडकीतून तिरपं ऊन, आणि ओल्या चुन्याचा वास. आजीच्या पानाच्या डबीतला वास तो. तोही मला ओळखीचा निघावा याचा राग आला. वर, दोन मजले उंचीवर, पिवळं हेल्मेट घातलेली अपर्णा पाठमोरी गुडघ्यावर बसली होती. भिंतीवर हात फिरवत होती, बोटांनी नाही, सबंध तळव्यानं, आजारी माणसाचा ताप बघावा तसा. मी हाक मारली. "अपर्णा!" माझा आवाज कमानीत जाऊन परत आला, दोनदा. ती वळली नाही. मी पुन्हा, सगळा जीव ओतून हाक मारली. भिंतीलगत काम करणारे दोन पोरगे माझ्याकडे बघायला लागले. ती वळली नाही. सोळाशे मैल आलेल्या माणसाला ही बाई पाठ दाखवून बसली आहे, असं वाटून माझी कानशिलं तापली.

तेवढ्यात मागून एक म्हातारा आला. सत्तरीचा, बुटका, पोट सुटलेला, मिशा पांढऱ्या, पायात रबरी बूट. कोण हवंय म्हणून त्यानं इंग्रजीत विचारलं. मी म्हटलं, मी विवेक, अपर्णाचा नवरा, आणि एफ्राइन कुठे आहे ते मला सांगा. म्हाताऱ्याचा चेहरा फुलला; माझा हात दोन्ही हातांत धरून तो म्हणाला की एफ्राइन तोच. दीड वर्षं मी ज्याचा खून करत होतो तो माणूस तिथे नव्हताच. हा कोणाचा तरी आजोबा होता. हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. चाळिशीच्या देखण्या माणसाचा मत्सर करायची एक रीत असते, तिच्यात स्वतःची थोडी इज्जत राहते. ह्या म्हाताऱ्यापाशी असं काय होतं की माझी बायको त्याचं नाव घेऊन जेवते?

बाहेर अंधारून आलं होतं आणि एकदम सर आली. कौलांवर, चौकातल्या झाडांवर, धो धो. आणि त्या पावसात ती शिट्टी सुरू झाली. तीच. दोन सुरांची, एक खालचा, एक वरचा. मी गर्रकन वळलो. एक दाराशी, मग दुसरी खिडकीखाली, मग दहा ठिकाणांहून. मी एफ्राइनचा दंड धरला आणि विचारलं, कोण आहे तो, कोण वाजवतंय? त्याला आधी कळेना, मग तो हसला, आणि अंगठ्याचं नख दाखवून म्हणाला, बेडूक. एवढासा. कोकी म्हणतात त्याला, को-की, को-की असं ओरडतो म्हणून. संध्याकाळी आणि पावसात सगळं बेट ओरडतं, आम्हाला त्याशिवाय झोप येत नाही. मग वर परांचीकडे बघून, अगदी सहज, घरचं दुखणं बोलावं तसं तो म्हणाला की इंजिनियर बाईंना सगळ्यात आधी हाच आवाज ऐकू येईनासा झाला. गेल्या वर्षी एका संध्याकाळी त्यांनी विचारलं, एफ्राइन, तुमचे बेडूक कुठे गेले? आणि तेव्हा बेडूक तर असे ओरडत होते.

तो बोलत राहिला. आधी बारीक आवाज गेले, मग भिंतीचा आवाज. ठोकलं की भरीव-पोकळ कळेना. तेव्हापासून ती ठोकते आणि तो ऐकतो, समोर उभा राहून, भिंतीला कान लावून. तो बोट वर किंवा खाली करतो आणि ती नकाशावर खूण करते. कंपनीला माहीत नाही. कळलं तर काम जाईल असं तिला वाटतं. हातानं कंप कळतो का ते ती आता शिकते आहे, आणि हळूहळू जमतंय. मग तो मला बाजूच्या एका लहान वेदीपाशी घेऊन गेला. मेरीच्या पायाशी लाल मखमलीच्या फळीवर चांदीचे अवयव टाचले होते, काळे पडलेले पाय, हात, डोळ्यांच्या जोड्या, आणि खाली कोपऱ्यात एकच कान, नवा, लखलखीत. जोडी घडवली होती, तो म्हणाला. एक इथे वाहिला, एक बाईंना दिला. बाईंनी स्पष्ट सांगितलं की त्या देव मानत नाहीत, नवस करत नाहीत, त्यांच्या घरात चालत नाही. तो म्हणाला, ठीक आहे, नवस माझा आहे, तुमचा नाही. जानेवारीपासून त्यानं कॉफी सोडली आहे. तिचे कान परत येईपर्यंत घेणार नाही. सात वर्षांचा असल्यापासून पितो, तो म्हणाला, आणि पोटावर हात ठेवून हसला, सकाळी बायकोनं केलेल्या कॉफीचा वास आला की मी घराबाहेर जाऊन उभा राहतो.

"हे सगळं तुम्हाला तिनं सांगितलंच असेल," तो म्हणाला.

"हो," मी म्हणालो, "सांगितलं नं."

ते खोटं माझ्या तोंडातून इतकं सहज निघालं की मलाच नवल वाटलं. त्या म्हाताऱ्यापुढे मला नवरा म्हणून उभं राहायचं होतं. माझी फाइल माझ्या डोक्यात उलटी वाचली जात होती: तिसरी हाक, खाली अक्षरं येणारा टीव्ही, टाइप कर, भात, लोकांचे चेहरे बघून उशिरा हसणं. एकही नोंद चुकीची नव्हती. सगळ्या माझ्याच अक्षरात होत्या, आणि मी, तेवीस वर्षं दुसऱ्यांच्या नोंदी वाचणारा, त्यांच्यावर भलतंच नाव घालून बसलो होतो. लाज वाटली. पण खरं सांगायचं तर लाज मागून आली. आधी आला तो मत्सरच, पहिल्यापेक्षा दुप्पट. परक्या माणसानं माझ्या बायकोसाठी सहा महिने कॉफी सोडली होती. मी तिच्यासाठी काय सोडलं होतं? भात? तिनं हे दुखणं घरी आणलं नाही, कारण घरी आणलं असतं तर मी त्याचीही फाइल केली असती, अपॉइंटमेंटा घेतल्या असत्या, राजीवला सांगितलं असतं, जेवणाच्या रांगेत विनोद केला असता. केलाच होता. आणि तो कान तिनं फेकला नव्हता, परतही केला नव्हता, नॅपकिनमध्ये गुंडाळून आतल्या कप्प्यात ठेवला होता. देव न मानणारी बाई तो कान जपत होती, कारण कोणीतरी तो तिच्यासाठी घडवला होता. माझ्या आईनं आयुष्यभर सांगितलेल्या गोष्टीत कुठेही हे नव्हतं की ते चांदीचे डोळे मोडायला सोनाराकडे नेले तेव्हा आजीला काय वाटलं असेल.

पाऊस ओसरला. एफ्राइन म्हणाला, बोलावतो त्यांना. परांचीच्या नळीपाशी जाऊन त्यानं खिशातून लहान हातोडी काढली. दोन ठोके जवळजवळ, मग एक वेगळा. नळीतून वर जातात, तो म्हणाला, गुडघ्यांना कळतात. मी हात पुढे केला. त्यानं माझ्याकडे क्षणभर बघितलं आणि हातोडी दिली. टक-टक. टक. वर पिवळं हेल्मेट लगेच वळलं. लगेच, पहिल्याच हाकेला. तिच्या चेहऱ्यावर असं मोकळं हसू होतं की मी ते किती वर्षांत पाहिलं नव्हतं ते मला मोजता येईना, चुन्यानं माखलेली, घामेजलेली, पन्नाशीची माझी बायको खाली वाकून, स्पॅनिशमध्ये ओ देत, "सी, एफ्राइन?" म्हणाली, आणि मग हातोडी कोणाच्या हातात आहे ते तिला दिसलं. हसू गेलं नाही. नुसतं आवरलं गेलं, पाहुणे आल्यावर खोली आवरतात तसं.

ती शिडीनं खाली आली. शेवटून तिसऱ्या पायरीवर थांबली, माझ्या तोंडापेक्षा जराशी वर, आणि म्हणाली, "तू? इथे कसा?" तिची नजर माझ्या डोळ्यांवर नव्हती, ओठांवर होती. म्हणजे किती दिवस, किती महिने ती माझ्या ओठांकडे बघत होती, आणि मला वाटायचं ती नजर चुकवते. मला तिला सांगायचं होतं की मला कळलं. जवळ घ्यायचं होतं. आणि ह्या दोन्हींच्या आधी माझ्यातला तो तपासनीस पुढे झाला, ज्याला पुरावा लागतो, ज्याला म्हाताऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवायचा नव्हता, ज्याला म्हाताऱ्याकडे जे होतं ते स्वतःच्या हातांनी उघडून बघायचं होतं. मी तिच्याकडे तोंड केलं, ओठ ओरडताना उघडतात तेवढे उघडले, आणि आवाज अजिबात न काढता, नुसत्या ओठांनी विचारलं, जेवलीस का?

एफ्राइन माझ्याकडे बघत होता. बाहेर बेडूक ओरडत होते. अपर्णानं हेल्मेट काढलं, कपाळावरचा घाम मनगटानं पुसला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून खालच्या आवाजात म्हणाली,

"अरे, ओरडतोस कशाला, चर्च आहे हे. नाही जेवले अजून."